दोन्ही हातांची नाडी

धुळे, जळगाव, नंदुरबार, ओपीडी कुठलीही असो, बीपी मोजायची पद्धत बहुतेक सारखीच. रुग्ण स्टुलावर बसतो, टेबलाकडचा हात पुढे करतो, पट्टा बांधला जातो आणि आकडा केसपेपरवर उतरतो. पलीकडचा हात पदराखाली नाहीतर बाहीत तसाच राहतो. रक्तवाहिन्यांचे विरळ आजार वर्षानुवर्षं सापडत नाहीत, याचं निम्मं कारण त्या पलीकडच्या हातात आहे. उरलेलं चपलेत. दोन्ही पावलांची नाडी बघायला एक मिनिट लागतो, आणि गर्दीच्या दिवशी नेमका तोच वाचवला जातो.

हे लिखाण आरोग्य केंद्रातले डॉक्टर, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे फॅमिली डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी आहे. घरात असा रुग्ण असेल तर घरच्यांनीही वाचावं. विरळ आजार म्हटलं की मुंबई, सीटी स्कॅन आणि मोठा खर्च डोळ्यांसमोर येतो. पण ते सगळं नंतरचं. पहिला सुगावा बोटं, पट्टा आणि स्टेथोस्कोप यांनाच लागतो, आणि तो लागला नाही तर पुढची मशीनं चुकीच्या जागेवर फिरवली जातात.

"बीपी लो आहे"

पंचविशी-तिशीतली बाई. सतत थकवा, अधूनमधून बारीक ताप, वजन उतरलेलं, चक्कर. दोरीवर धुणं वाळत घालताना डावा हात भरून येतो, खाली घेतला की बरं वाटतं. दवाखान्यात डाव्या हाताला वरचं बीपी ८० भरतं. "अशक्तपणा आहे, बीपी लो आहे" म्हणून सलाईन लागतं. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

इथे तकायासू आर्टरायटिस डोक्यात यायलाच हवा. मिकितो तकायासू हे जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर. एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्यांचं त्यांचं वर्णन १९०८ साली प्रसिद्ध झालं. अशा रुग्णांना मनगटाची नाडी लागत नाही, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडलं. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतीला सूज येते, भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद होते. डाव्या हाताची मुख्य धमनी कॉलरबोनमागे अरुंद झाली असेल, तर पट्टा अडथळ्यापलीकडचा दाब मोजतो. तो ८० असताना महाधमनीतला खरा दाब २०० असू शकतो. म्हणजे जिला आपण लो बीपी म्हणून सलाईन देतो आहोत, तिचं हृदय, मेंदू आणि डोळे हाय बीपी सोसत असतात. जपानमध्ये हा आजार महाधमनीच्या कमानीवर जास्त दिसतो. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या जास्त सापडतात, म्हणून चाळिशीच्या आतल्या बाईला हाय बीपी निघालं की टेन्शनचं निदान करण्याआधी चारही हातपाय मोजा.

मोजायचं असं. रुग्णाला पाच मिनिटं आडवं पडू द्या. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराला किमान ८० टक्के वेढेल एवढी हवी. लहान पट्टा आकडा फुगवतो. उजवा हात, डावा हात, आणि पुन्हा उजवा. तिसरी मोजणी टाळू नका, कारण पहिल्या मोजणीत घाबरल्यामुळे आकडा चढलेला असतो आणि तोच फरक समजला जातो. दोन हातांत वरच्या आकड्याचा फरक १० पेक्षा जास्त आणि तो दर वेळी तसाच येत असेल तर लिहून ठेवा. २० च्या वर गेला तर कारण शोधल्याशिवाय सोडू नका. मग पाय. मांडीला मोठा पट्टा बांधून गुडघ्यामागे ऐका. मोठा पट्टा नसेल तर नेहमीचा पट्टा घोट्याच्या वर बांधा आणि आतल्या घोट्यामागची नाडी परत कधी लागते ते बघा. पायाचा वरचा दाब हातापेक्षा साधारण १० ते २० ने जास्त असतो. तो हातापेक्षा कमी भरला तर अडथळा वाटेत कुठेतरी महाधमनीत किंवा पायाच्या धमनीत आहे. लहान मुलात हाच फरक महाधमनीच्या जन्मजात अरुंदपणामुळे दिसतो.

डिजिटल मशीनचा एक दोष लक्षात ठेवा. नाडी फार क्षीण असली की ते एरर दाखवतं, आणि सिस्टर सवयीने पट्टा दुसऱ्या हाताला बांधून तिथला आकडा लिहितात. तो एरर हाच खरा निष्कर्ष होता. "डाव्या हाताला मशीन एरर, मनगटाची नाडी लागत नाही" एवढं वाक्य केसपेपरवर यायला हवं.

यानंतर स्टेथोस्कोप. कॉलरबोनच्या वरचे दोन्ही खळगे, मानेच्या दोन्ही बाजू, बेंबीच्या वर, बेंबीच्या दोन्ही अंगाला आणि पाठीवर. फूस-फूस असा आवाज शोधायचा. स्टेथोस्कोप हलका ठेवा, कारण जोराने दाबला तर निरोगी धमनीतही तो आवाज आपणच तयार करतो. मानेची नाडी एका वेळी एकाच बाजूची बघा.

ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) नॉर्मल आला म्हणून हा आजार बाद करू नका. आजार जोरात असतानाही तो नॉर्मल असू शकतो. उलट ईएसआर वाढलेला, ताप आणि उतरलेलं वजन एवढ्यावर टीबीची औषधं सुरू होताना दिसतात. टीबी आपल्याकडे घरोघर आहे, त्यामुळे शंका रास्तच आहे, पण पुराव्याशिवाय सुरू केलेली औषधं इथे दुहेरी नुकसान करतात. निदान सहा महिने मागे पडतं, आणि पुढे स्टेरॉइड द्यायची वेळ येते तेव्हा टीबीच्या रिफॅम्पिसिनमुळे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शरीरात लवकर संपतं व डोस पुरत नाही.

तपासणीची चिठ्ठी लिहिताना "डाव्या हाताचा डॉप्लर" (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) एवढंच लिहू नका. मानेच्या आणि कॉलरबोनमागच्या धमन्यांचा दोन्ही बाजूंचा डॉप्लर, आणि शंका पक्की असेल तर कमानीपासून मांडीच्या धमन्यांपर्यंत पूर्ण महाधमनीचा सीटी अँजिओ (धमन्या दाखवणारा सीटी स्कॅन) मागा. डॉप्लरमध्ये धमनीची भिंत सगळीकडून सारखी जाड झालेली दिसते, चरबीच्या गाठीसारखी एका बाजूला नाही. सीटीआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) आणि तरुण बाईत पाळीची चौकशी. किडनीच्या दोन्ही धमन्या अरुंद असण्याची शंका असताना रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या घाईने सुरू करू नका. केलंच असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन परत बघा. ते ३० टक्क्यांहून जास्त चढलं, तर किडनीच्या धमन्यांकडेच बोट जातं.

बिडी, मशेरी आणि पावलाची कमान

रावेर-यावलच्या केळीच्या बागेतला किंवा शिरपूरकडच्या कपाशीच्या शेतातला पस्तिशीतला मजूर सांगतो, "मना पाय दुखतस." कुठे, ते हाताने दाखवायला सांगा. पोटरी दाखवली तर अडथळा बहुधा मांडीत. पावलाची कमान दाखवली, म्हणजे थोडं चाललं की तळवा दुखून थांबावं लागतं, तर बर्गरचा आजार आधी आठवा. लिओ बर्गर यांचं वर्णनही योगायोगाने १९०८ सालचंच. तंबाखूमुळे हातापायांच्या टोकाकडच्या लहान-मध्यम धमन्या आणि शिरा सुजून गुठळ्यांनी बुजतात. वय पन्नाशीच्या आत, शुगर नाही, कोलेस्टेरॉल ठीक, गुडघ्याची नाडी छान लागते आणि पावलाची लागत नाही, हे त्याचं ठरलेलं चित्र.

दोन प्रश्न इथे निदान फिरवतात. पहिला, पायावर दुखणारी लाल दोरी कधी उमटली होती का, एक बरी झाली की दुसरीकडे? वरवरच्या शिरांची ही फिरती सूज आहे आणि रुग्ण ती मुक्या मारात धरतो. दुसरा तंबाखूचा, आणि तो नीट विचारायला हवा. "व्यसन आहे का?" याला उत्तर "नाही" येतं. बिडी किती, विडीत पानाबरोबर काय, चुना मळता का, आणि बायकांना "दात कशाने घासता?" असं विचारा. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे, पण ती लावणारीच्या हिशोबात व्यसनात मोडत नाही.

मग हात बघा, पाय दुखत असला तरी. रुग्णाला मूठ घट्ट आवळायला लावा, मनगटाच्या दोन्ही धमन्या अंगठ्यांनी दाबा, मूठ उघडू द्या, तळवा पांढरा पडलेला दिसेल. आता करंगळीच्या बाजूची धमनी सोडा. पाच ते सात सेकंदांत तळव्यावर लाली यायला हवी. पुन्हा तेच करून अंगठ्याकडची सोडा. तक्रार पायाची आणि हाताचा तळवा पांढराच, असं तरुण बिडीवाल्यात दिसलं तर आजार दोन्हीकडे आहे आणि बर्गरची बाजू भक्कम होते. बोटं जास्त ताणून उघडली तर निरोगी तळवाही पांढरा राहतो, म्हणून हात सैल उघडायला सांगा.

पायासाठी रुग्णाला झोपवून दोन्ही पाय ४५ अंशांवर एक-दोन मिनिटं धरा, मग खाटेवरून खाली सोडा. रक्तपुरवठा कमी असलेलं पाऊल वर असताना फिकट पडतं आणि खाली सोडल्यावर उशिराने तांबडंजांभळं होतं. सावळ्या कातडीवर पावलाच्या वरच्या बाजूला काही कळत नाही. तळवा आणि नखं बघा, खिडकीच्या उजेडात.

नाडी बघताना स्वतःचा अंगठा वापरू नका, त्यालाच नाडी असते. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतः लागत नाही. आतल्या घोट्यामागची नाडी नसणं जास्त महत्त्वाचं.

खिशात मावणारा डॉप्लर मिळाला तर एबीआय काढता येतो, म्हणजे घोट्याच्या दाबाचं दंडाच्या दाबाशी प्रमाण. आडवं झोपवून पाच-दहा मिनिटं थांबा. ८ मेगाहर्ट्झचा प्रोब, भरपूर जेल, कातडीशी साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन. आवाज बंद झाल्यावर पट्टा आणखी २० ते ३० ने फुगवा, मग सेकंदाला साधारण २ च्या वेगाने हवा सोडा, पहिला आवाज आला तो आकडा. घोट्याच्या दोन धमन्यांतला मोठा आकडा भागिले दोन दंडांतला मोठा आकडा. १.०० ते १.४० ठीक, ०.९० किंवा खाली म्हणजे अडथळा, ०.४० च्या खाली पाय धोक्यात, १.४० च्या वर म्हणजे धमनी कडक झाल्याने पट्ट्याने दबत नाही. हे शुगर आणि किडनीच्या जुन्या रुग्णांत होतं.

आता यातली गोम, कारण विरळ आजार इथेच हातातून निसटतात. तकायासूत दोन्ही दंडांच्या धमन्या अरुंद असतील तर भागणारा आकडाच खोटा लहान असतो, आणि पायात अडथळा असूनही एबीआय सुरेख येतो. बर्गरमध्ये आजार घोट्याच्या खाली असेल तर घोट्यापर्यंत सगळं ठीक भरतं आणि अंगठा मात्र काळा पडत असतो. आकडा नॉर्मल आणि पाऊल गार, असं दिसलं तर विश्वास पावलावर ठेवा.

चुका बहुतेक ठरलेल्या असतात. "शीर दबली" म्हणून आधी कमरेचा एमआरआय होतो. मणक्याच्या दुखण्यात पुढे वाकून किंवा बसून आराम पडतो, रक्तपुरवठ्याच्या दुखण्यात नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत कळ थांबते. हा एक प्रश्न एमआरआयचे पैसे वाचवतो. दुसरी चूक म्हणजे शेक. गार पडलेल्या बोटांना गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक दिला की कातडी भाजते, आणि ती जखम भरायला रक्तच नसतं. तिसरी चूक सगळ्यांत महाग: काळं पडलेलं बोट नाडी न बघता कापणं. टाके उसवतात, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. बर्गरमध्ये तंबाखू पूर्ण बंद, हाच खरा इलाज. दिवसाला एक बिडीसुद्धा चालत नाही, आणि निकोटीनची पट्टी किंवा च्युइंगमही टाळावं.

थंडीतली बोटं

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो. पहाटे हौदाच्या पाण्यात हात घातला की बोटं पांढरी, मग निळी, मग लाल, आणि ठणका. मॉरिस रेनॉ यांनी हे १८६२ मध्ये लिहिलं. बहुतेक मुलींत हा नुसता थंडीचा अतिरेक असतो, दोन्ही हातांना सारखा, जखमा नाहीत. शंका घ्यायची ती अशी: सुरुवात तिशीनंतर, एकाच हाताला किंवा एकाच बोटाला, आणि बोटाच्या टोकाला बारीक खळगे. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांवरचे खळगे बोंडाच्या टोकांनी टोचल्याचे समजले जातात. टोचलेली जखम आठवड्यात भरते, हे महिनोन्महिने तसेच राहतात. बोटांची कातडी चिमटीत येत नाही, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, घास छातीत अडकतो, असं असेल तर स्क्लेरोडर्मा या कातडी कडक करणाऱ्या आजारासाठी एएनए ही अँटिबॉडीची रक्तचाचणी पाठवा. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून डर्मॅटोस्कोपने (कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) बघितलं तर निरोगी केशवाहिन्या केसाच्या पिनांसारख्या ओळीत दिसतात. या आजारात त्या फुगतात, मधेमधे गायब होतात. एकाच हाताची बोटं पांढरी पडत असतील तर मानेतली जादा बरगडी शोधायला साधा एक्स-रे काढा. अशा रुग्णांना प्रोप्रॅनोलॉल आणि अर्धशिशीच्या अर्गोटच्या गोळ्या चालू नाहीत ना, तेही विचारा.

टीबीसारखं दिसणारं, टीबी नसलेलं

थुंकीत रक्त, एक्स-रेत पोकळी, आणि सीबीनॅट (थुंकीतली टीबीची चाचणी) पुन्हा पुन्हा निगेटिव्ह. अशा वेळी नाक बघा. रक्ताळ खपल्या, बसलेलं नाक, कान वाहणं, आणि सोबत लघवीत रक्तपेशी असतील तर जीपीए नावाचा लहान रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. लघवीची साधी पट्टी इथे लाखमोलाची. नमुना ताजा हवा, तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ठेवलेल्या बाटलीत रक्तपेशी फुटून जातात आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. एएनसीए (या दाहातल्या अँटिबॉडीची रक्तचाचणी) मागताना पीआर३ आणि एमपीओ अशा तिच्या दोन्ही प्रकारांच्या एलायझा मागा. टीबी आणि हृदयाच्या झडपेच्या जंतुसंसर्गातही एएनसीए पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून अँटिबायोटिकआधी रक्ताची तीन कल्चर घ्या. क्रिएटिनिन आठवड्यागणिक चढत असेल तर रिपोर्टची वाट न बघता पुढे पाठवा.

पायावर हाताला लागणारे जांभळे ठिपके, काच दाबूनही न मावळणारे, दिसले तर ताजा, एक-दोन दिवसांचा ठिपका बायोप्सीसाठी निवडा. नमुने दोन घ्या. एक फॉर्मलिनमध्ये, दुसरा इम्युनोफ्लुरेसन्ससाठी (अँटिबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी) मिशेलच्या द्रावणात. दोन्ही फॉर्मलिनमध्ये बुडवले की दुसरी तपासणी कायमची गेली. लहान मुलात ठिपके, पोटदुखी आणि सांधेदुखी असेल तर आयजीए व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे लहान रक्तवाहिन्यांचा दाह. ठिपके गेल्यावरही सहा महिने लघवी आणि बीपी तपासत राहा.

पाच वर्षांखालच्या मुलाला पाच दिवस ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगावर पुरळ आणि बीसीजीची जागा लाल झालेली, हे दिसलं तर कावासाकी, म्हणजे लहान मुलांतला धमन्यांचा दाह. दहा दिवसांच्या आत किलोला २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन मिळालं तर हृदयाच्या धमन्या वाचण्याची शक्यता खूप वाढते.

पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी, आणि भाकरी चावताना जबडा दुखून मधेच थांबावं लागणं, ही जायंट सेल आर्टरायटिसची (कानशिलाच्या आणि आसपासच्या धमन्यांच्या दाहाची) लक्षणं आपल्याकडे विरळ असली तरी विसरू नका. डोळ्यांसमोर क्षणभर अंधारी आली तर प्रेडनिसोलोन ६० मिलिग्रॅम त्याच दिवशी द्या, कानशिलाच्या धमनीची बायोप्सी पुढच्या दोन आठवड्यांत झाली तरी चालते. या लेखातला हा एकच आजार, ज्यात निदान पक्कं होण्याआधी गावातच स्टेरॉइड सुरू करावं.

सातपुड्यातली घोट्याची जखम

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागात घोट्याच्या वर न भरणारी जखम असलेला तरुण आला, तर व्हेरिकोज व्हेन्स आणि रक्तपुरवठा यांच्याबरोबर सिकलसेल तपासा. सोल्युबिलिटी टेस्ट वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही, सहा महिन्यांखालच्या बाळात आणि फार कमी हिमोग्लोबिनमध्ये ती चुकते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी हवीच. जखमेभोवती नायलॉनच्या दोऱ्याने स्पर्श तपासा आणि कोपराजवळची नस चाचपा, कारण कुष्ठरोगातली जखम दुखत नाही आणि तिथे नाड्या ठणठणीत लागतात. घट्ट पट्टी एबीआय बघितल्याशिवाय बांधू नका. ०.५० च्या खाली ती पायाचा जीव घेते.

शिरांचं थोडक्यात. केळीचे घड खांद्यावर वाहणाऱ्या जवान माणसाचा एकच हात अचानक सुजून निळसर झाला, तर मुका मार म्हणून लेप लावू नका, कॉलरबोनमागच्या शिरेत गुठळी असू शकते. पोटात पाणी आणि पाठीवर फुगलेल्या शिरा दिसल्या तर दोन बोटांनी शीर रिकामी करून एक-एक बोट सोडून बघा. बेंबीखालच्या शिरेतही रक्त वरच्या दिशेने भरत असेल तर यकृताजवळची मोठी शीर बंद आहे. दारू हे कारण ठरवण्याआधी तिचा डॉप्लर मागा.

चिठ्ठी

पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला आणि बोटं हलेनात, तर हातात साधारण सहा तास असतात. धडगावहून घाट उतरण्यातच त्यातला मोठा वाटा जातो. रक्तस्रावाचा धोका नसेल तर हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) ५,००० युनिट शिरेतून द्या, पाय कापसात सैल गुंडाळा, उंच ठेवू नका, शेकू नका, आणि १०८ निघण्याआधी पुढच्या सर्जनला फोन करा. नंदुरबारहून सुरत जवळ, जळगावहून संभाजीनगर. ते रुग्णाच्या सोयीने ठरवा, पण तिथे रक्तवाहिन्यांचे सर्जन त्या दिवशी आहेत का, हे विचारूनच.

चिठ्ठीवर माणसाची साधी आकृती काढा आणि मान, मनगट, कोपर, जांघ, गुडघा, घोटा, पाऊल, दोन्ही बाजूंना नाडी लागली तिथे अधिक, नाही तिथे शून्य, क्षीण असेल तिथे अधिक-उणे. शेजारी चारही बीपी, वेळ, तंबाखू कुठली आणि किती, क्रिएटिनिन, आणि कुठली औषधं कधी सुरू केली. या आकृतीचा फोटो रुग्णाच्या मोबाइलमध्येही काढून ठेवा. तीन महिन्यांनी तो परत येईल तेव्हा नवी आकृती तिच्याशेजारी ठेवून बघता येते, कुठला शून्य नवा आहे ते.